वेल मान टाकते तेव्हा



या मालेच्या संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा मला कळत होती. निवृत्त फौजी माणूस, म्हणजे बर्फ, चौकी, गस्त, नाहीतर सीमेवरचा एखादा थरारक प्रसंग. मी म्हटलं, मला पानावर बोलायचंय. विड्याच्या पानावर. पलीकडून जरा शांतता, मग हसू. "काशीत राहून पान खायला लागलात वाटतं, कर्नलसाहेब!"

खातो. दिवसाला एक, तंबाखूशिवाय. पण आज बोलायचंय ते पान खाण्याबद्दल नाही, पान जगवण्याबद्दल. नागवेलीला बुरशीचे रोग होतात, ते ओळखायचे कसे आणि आवरायचे कसे, एवढाच विषय. समोर बसलेल्यांत काशीतली आपली मराठी मंडळी जास्त आहेत, त्यांना शेतीशी फारसं देणंघेणं नसेल. पण कॅमेऱ्यापलीकडे सांगली, कोल्हापूर, रामटेकपासून बेळगावपर्यंतचे लोक ऐकणार आहेत, असं सांगितलंय. त्यातल्या एकाचा मळा वाचला तरी मला पुरे. का, ते पुढे येईल.

मी मूळचा मिरजेच्या पूर्वेकडचा. नरवाड, बेडग, आरग या पट्ट्यात पानमळे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आमच्या आबांचा वीस गुंठ्यांचा मळा होता. शेवरी, हादगा आणि शेवग्याची झाडं, त्यांवर चढवलेली कपुरी जातीची वेल, आत शिरलं की बाहेरच्यापेक्षा हवा निराळी. चपला बाहेर काढायच्या, मग आत. माझं शिक्षण त्या पानांवर झालं. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि फौजेत गेलो. माझी सासुरवाडी इथली, ब्रह्माघाटाजवळची, पेशवाईपासून काशीत असलेलं घर. शेवटचं पोस्टिंगही इथल्याच छावणीत मिळालं, सासूबाईंचं वय झालेलं, तेव्हा निवृत्तीनंतर इथेच राहिलो.

आता बनारसच्या पानाची एक गंमत सांगतो. बनारसी पानाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण ज्या मगही पानासाठी हे शहर ओळखलं जातं, ते मुख्यतः बिहारमध्ये पिकतं. नवादा, गया, औरंगाबाद, नालंदा. मगहीला त्याचं वेगळं मानांकन २०१८ सालीच मिळालंय. ते पान हिरवं इथे येतं आणि बनारसवाले ते पकवतात. टोपल्यांत रचून बंद खोलीत कोळशाची ऊब द्यायची, बाहेर काढायचं, थंड करायचं, पुन्हा आत. हळूहळू हिरवा रंग जातो, पान पिवळसर पांढरं होतं आणि जिभेवर विरघळतं. या सगळ्या काळात टोपली उलटून पान न्‌ पान फिरवावं लागतं. लहानपणी ऐकलेलं ते कोडं आठवतं ना? अडलेला घोडा, करपलेली भाकरी आणि सडलेलं पान, तिघांचं उत्तर एकच. कोडं घालणाऱ्याने पानाचा व्यापार जवळून पाहिला असणार.

इथे पानदरिबा नावाचा पानांचा बाजार आहे. तिथले चौरसिया समाजातले एक व्यापारी माझे स्नेही झालेत. पहाटे त्यांच्याजवळ जाऊन बसतो. एकदा पावसाळ्यात त्यांनी टोपलीतून एक पान काढलं, उजेडाकडे धरलं आणि बाजूला टाकलं. मग दुसरं. मग पूर्ण ढोलीच बाजूला सरकवली. ढोली म्हणजे दोनशे पानं. म्हणाले, "कर्नलसाहब, फेरने से ये नहीं बचेगा. ये पत्ता खेत से बीमार आया है." पानावर नाण्याएवढा तपकिरी डाग होता, आत फिकट-गडद अशी वलयं, झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशी. कडा पाण्याने भिजल्यासारखी.

तो डाग मी ओळखत होतो.

साल १९९४. मी ईशान्येकडे होतो, टपाल पोचायला दहा-बारा दिवस लागायचे. आषाढात आबांचं पत्र आलं. मळ्याच्या खालच्या अंगाला काही वेली माना टाकताहेत, पानांवरचं तेज गेलंय, काय करावं? आबा चौथी शिकलेले. पोरगा बी.एस्सी., मेजर. त्यांनी मला विचारलं यात त्यांना कमीपणा वाटला नाही, उलट कौतुकच असणार. आणि मी एका रात्रीत उत्तर लिहून टाकलं. पावसाने ओढ दिली असेल, मुळं वर आली असतील, पाणी वाढवा, वर थोडा युरिया द्या. पत्रात एकही प्रश्न नव्हता. पाऊस किती झाला, विचारलं नाही. वेलीचं बूड उकरून पाहिलंत का, विचारलं नाही. ज्या माणसाने वेलीबरोबर चाळीस वर्षं काढली त्याला मी हुकूम दिला, आणि त्याने तो पाळला.

भाद्रपदात दुसरं पत्र आलं. निम्म्याहून जास्त मळा बसला होता. दिवाळीला रजेवर गेलो तेव्हा शेवरीची झाडं नुसतीच उभी होती. पुढच्या वर्षी आबांनी ती तोडली आणि ऊस लावला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. "पाणी जास्त झालं बहुतेक," एवढंच एकदा म्हणाले, तेही स्वतःलाच दोष दिल्यासारखं.

काय झालं होतं ते आता सांगतो, कारण हीच चूक आजही लोक करतात. ती चूक अडाणी माणसाची नाही. जो माणूस लांबून सल्ला देतो त्याची आहे.

या रोगाचं नाव फायटोफ्थोरा. दे बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली हे ग्रीक नाव ठेवलं, अर्थ सरळ आहे, झाडांचा नाश करणारा. आयर्लंडचा बटाटा १८४५ पासून ज्याने खाल्ला तो याच कुळातला. आपण बोलताना बुरशी म्हणतो आणि मीही म्हणणार, पण खरं पाहिलं तर ही खरी बुरशी नव्हे, पाण्यातला जीव आहे. ओल मिळाली की याच्या पिशव्यांतून बारीक बीजाणू सुटतात आणि ते पोहतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. बीएचयूमध्ये वनस्पतींच्या रोगांचा विभाग आहे, तिथल्या एका प्राध्यापकांनी मला ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. रोगट पानाचा तुकडा पाण्यात घातला, थोडा वेळ गार केला, पुन्हा खोलीच्या उबेत आणला. बघता बघता पिशव्या फुटल्या आणि आतले ठिपके सैरावैरा पळायला लागले. मी खुर्चीतून उठलोच. उकाडा, मग गार पाऊस, मग पुन्हा ऊब. आषाढात आपल्या शेतात हेच तर होतं.

म्हणजे वेलीने मान टाकली ती तहानेने नाही. बुडाशी मुळं कुजली, पाणी वर चढेना, म्हणून पानं मलूल झाली. वरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. आणि अशा वेळी तुम्ही पाणी सोडलंत, की त्या पोहणाऱ्या टोळीला तुम्ही स्वतः सरीतून पुढच्या वेलीपर्यंत पोचवलंत. मी पत्राने तेच केलं.

मग ओळखायचं कसं? पहिली गोष्ट, दुपारी ओळखू नका. दुपारी चांगली वेलही उन्हाने मलूल दिसते. पहाटे जा, सूर्य वर यायच्या आत. तहानलेली वेल रात्रीत सावरते, पहाटे ताठ दिसते. कुजलेली वेल पहाटेही मान खालीच ठेवते. एवढी एक गोष्ट १९९४ साली मला माहीत असती तर पत्रात एकच ओळ लिहिली असती: आबा, पहाटे बघून कळवा.

दुसरं, बूड उकरा. हाताने, बोटांनी, दोन-तीन इंच माती बाजूला करा. मर रोग असेल तर जमिनीलगतचं खोड काळपट, ओलसर, साल बोटाने दाबली की सुटते, आत नुसते धागे उरलेले आणि नाकाला कुजका वास. वेल ओढली तर फारसा जोर न लावता हातात येते. पण तिथेच कापसासारखे पांढरे तंतू दिसले आणि त्यात मोहरीच्या दाण्यांसारखे गोल दाणे दिसले, तर तो वेगळा गडी. त्याचं नाव स्क्लेरोशियम. ही खरी बुरशी. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, म्हणून तिथली माती तशीच पसरू देऊ नका, दाण्यांसकट उचलून बाहेर काढा.

तिसरं, पानं. बाजारात मी पाहिला तसा मोठा, वलयांचा, भिजलेल्या कडेचा डाग हा फायटोफ्थोराचाच, आणि तो पहिल्यांदा खालच्या पानांवर दिसतो. पावसाचा थेंब जमिनीवर आपटतो, मातीचा शिंतोडा खालच्या पानावर उडतो, त्याबरोबर रोग. म्हणून मळ्यात उभं राहून वर पाहू नका, वाकून पाहा. गुडघ्याखालची पानं आधी. आता डाग लहान आहेत, वेडेवाकडे, मधे कागदासारखे वाळलेले आणि भोवती पिवळी कड, तर तो करपा. कोलेटोट्रायकम नावाची बुरशी, आंब्याच्या मोहरावर आणि मिरचीवर येते तिचीच भावंडं. करपा पान बिघडवतो, भाव पाडतो, खोडावर काळे चट्टेही पाडतो, पण मर रोगासारखा आठवड्यात मळा झोपवत नाही. कोवळ्या पानाच्या मागे पिठासारखी पांढरट भुकटी आली तर भुरी. आणि डाग अगदी बारीक, शिरांमध्ये अडकल्यासारखे कोनाकोनाचे, उजेडाकडे धरलं तर तेलकट दिसणारे असले, तर ते बुरशीचं कामच नाही, जिवाणूंचं आहे. तिथे नुसत्या बुरशीवर चालणाऱ्या औषधाचे पैसे नदीत टाकल्यासारखेच.

इतकं सगळं लक्षात राहणार नाही, ठाऊक आहे. फौजेत आम्ही रंगरूटाला नकाशा पाठ करायला लावत नाही, जमीन वाचायला शिकवतो. पहाटे मान, बुडाशी वास, खालची पानं. ही तीन लक्षात ठेवली तरी मोठा धोका सुटत नाही.

एक नाव इथे घ्यायलाच हवं, कारण आपल्याला त्याचा विसर पडलाय. जहांगीर फर्दुनजी दस्तुर. बिहारमधल्या पुसा इथे त्या काळी सरकारी शेती संशोधन संस्था होती. तिथे काम करताना या पारशी गृहस्थांनी १९१३ साली एरंडाच्या रोपांवर फायटोफ्थोराची एक नवी जात शोधली आणि तिचं वर्णन केलं. पुढे ते मध्य प्रांतात नागपूरला आले. तिकडे रामटेकचा भाग म्हणजे बारी समाजाच्या पानमळ्यांचा मुलूख. दस्तुरांनी तिथल्या पानांच्या रोगांवर काम केलं आणि १९३५ साली ते छापलं. म्हणजे माझ्या पत्राच्या एकोणसाठ वर्षं आधी, मराठी मुलखातच, याचं उत्तर कागदावर होतं. वनस्पतिशास्त्राच्या पदवीत मला आयर्लंडचा बटाटा शिकवला, रामटेकचं पान नाही. परीक्षेत तो बटाटा मी छान लिहिला होता.

औषधाचा इतिहास त्याहून मजेदार आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ मेडॉक नावाचा द्राक्षांचा भाग आहे. रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं येणारे-जाणारे तोडून खायचे. शेतकऱ्यांनी त्या कडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना कालवून शिंपडला, पानं निळी दिसावीत आणि चोराला वाटावं की विष आहे. १८८२ साली मिलार्दे नावाचे प्राध्यापक तिथून चालले होते. त्यांच्या लक्षात आलं की त्या वर्षी केवडा रोगाने आतल्या वेली झडल्यात आणि रस्त्याकडेच्या हिरव्या आहेत. तीन वर्षं प्रयोग करून १८८५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. ते बोर्डो मिश्रण. आमच्याकडे तासगावचा द्राक्षवाला आजही तेच मारतो.

ते भारतात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडलं त्यात म्हैसूर संस्थानचं नाव येतं. लेस्ली कोलमन नावाचे कॅनेडियन शास्त्रज्ञ १९०८ साली तिथे नोकरीला आले आणि मलनाडच्या सुपारीवरच्या रोगावर त्यांनी बोर्डो मिश्रणाने काम केलं. त्या रोगाला कानडीत कोळेरोग म्हणतात, कोळे म्हणजे कुजणं. कोकणात आणि गोव्यातही सुपारीवाले हाच शब्द वापरतात. तोही फायटोफ्थोरा! विड्यात पान आणि सुपारी एकत्र येतात हे आपल्याला माहीत, त्यांचा शत्रूही एकाच घरचा आहे हे सहसा कुणी सांगत नाही. याच कोलमनांच्या पुढाकाराने १९२५ साली बाळेहोन्नूरला कॉफीचं संशोधन केंद्र निघालं. माझा एक कोडगू मित्र, आमच्याच बॅचचा, त्याच्या कॉफीच्या मळ्यावर मी गेलो होतो. त्याने एक पान उलटं करून माझ्या बोटावर पुसलं. बोट केशरी झालं. तो तांबेरा, ज्याने १८६९ नंतर श्रीलंकेची कॉफी संपवली आणि तिथे चहा आला. मित्र म्हणाला, आम्ही पावसाच्या आधी मारतो, रोग दिसल्यावर नाही. ते वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

बोर्डो मिश्रणाचं गुपित तेवढंच आहे. ते पांघरूण आहे, औषध नव्हे. तांब्याचा पातळ थर पानावर, बुडावर बसतो आणि वर पडलेल्या बीजाणूला मारतो. आत शिरलेल्या रोगाला ते काही करू शकत नाही. म्हणून वेळ पाळायची: मृगाचा पाऊस जमायच्या आधी पहिलं, मग पावसाळाभर महिन्याच्या अंतराने. बुडाशी माती भिजेल इतकं एक टक्क्याचं, पानांवर फवारायचं तर अर्ध्या टक्क्याचं.

आणि इथे पानवाल्याची खरी अडचण सुरू होते. कॉफी आपण भाजतो, सुपारी सोलतो, बटाटा शिजवतो. पान तर कच्चंच तोंडात घालतो. ज्या पानावर तुम्ही काही मारलंत ते चार दिवसांनी कुणाच्यातरी देव्हाऱ्यात असेल, कुणाच्यातरी बाळंतिणीच्या विड्यात असेल. दुकानदार तुम्हाला महागाची, वेलीच्या आत भिनणारी औषधं दाखवील. मी सरसकट वाईट म्हणत नाही. पण डब्यावरच्या लेबलावर नागवेलीचं नाव आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलंय का, हे वाचा. नसेल तर घेऊ नका, दुकानदार नात्यातला असला तरी. आधी पान खुडून घ्या, मग फवारा, आणि पुढची खुडणी होईपर्यंत सांगितलेले दिवस मोजा. शक्य तितकं काम बुडाशी करा, पानावर नको.

तांबंही निर्धोक नाही बरं का. ते मातीत साठतं आणि जात नाही. युरोपात आता त्यावर बंधन आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबं वापरता येत नाही. जिथे हे मिश्रण जन्मलं त्यांनीच हात आखडलाय. म्हणून बोर्डोवर भिस्त ठेवून बाकी ढिलाई करणं हे वाळूच्या पोत्यांवर भरवसा ठेवून पहारेकरी झोपवण्यासारखं आहे.

बाकी म्हणजे काय? मुख्यतः पाणी. मळ्याच्या खालच्या अंगाला पाणी तुंबतं का ते पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जाऊन पाहा. तुंबत असेल तर चर काढा, लगेच. एका वेलीवरून दुसऱ्या वेलीकडे वाहत जाणारं सरीचं पाणी शक्य असेल तिथे बंद करून ठिबक करा. पावसाच्या आधी शेवरीच्या फांद्या छाटा, वारा खेळू दे. जमिनीपासून वीतभर उंचीची पानं काढून टाका. नवी लावण करताना बेणं रोगट मळ्यातलं नको, शेजाऱ्याने फुकट दिलं तरी नको. कांड्या अर्ध्या टक्क्याच्या बोर्डोत अर्धा तास बुडवून मग लावा. निंबोळी पेंडीबरोबर ट्रायकोडर्मा मातीत घाला. ही आपल्या बाजूची बुरशी, दुसऱ्या बुरशीला खाऊन जगते. मात्र तांब्याच्या आसपास तिला पाठवू नका, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या, नाहीतर आपलीच तोफ आपल्याच माणसांवर.

मघाशी चपलांचं बोललो. तिकडे बिहारमध्ये पानाच्या मांडवाला बरेजा म्हणतात. मी दोन-तीन बरेजांत गेलोय. तिथे आत शिरताना चपला काढतात, पाय धुतात, देवळात जावं तसं. त्याच्या जोडीला बायकांनी अमुक दिवसांत आत यायचं नाही, असले नियमही आहेत. ते दुसरे नियम मी मानत नाही, त्यांचा वेलीशी काही संबंध नाही. पण चपला काढून पाय धुणं ही शंभर टक्के शहाणपणाची गोष्ट आहे. चिखल पायाबरोबर एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जातो आणि चिखलात कोण बसलंय ते आपण पाहिलं. आमच्याकडे आता खुडणीची टोळी बूट घालून एका दिवसात तीन मळे फिरते. मजुरांना दोष देऊ नका. दाराशी पाण्याची बादली तुम्ही ठेवा. विळा, लोखंडी नखं, तेही धुवा.

आता २०१९. सांगलीकरांना ते वर्ष सांगायला नको. कृष्णेचा महापूर शहरात होता, आमच्या भागात पुराचं पाणी नव्हतं, पण पाऊस उघडत नव्हता. माझ्या पुतण्याने तीन वर्षांपूर्वी आबांच्याच जागेत पुन्हा मळा लावला होता. मी नको म्हणत होतो. मधली वीस-बावीस वर्षं ऊस होता म्हणून गप्प बसलो. ऑगस्टमध्ये त्याचा फोन, पाठोपाठ फोटो. खालच्या अंगाच्या वेली मान टाकलेल्या. तेच अंग. "काका, पाणी तर नको ना द्यायला? पण सुकल्यागत दिसतायत."

मंडळी, मी त्या वेळी इथे गच्चीवर होतो आणि माझे हात कापायला लागले. एकसष्ट वर्षांचा माणूस. पण या वेळी मी उत्तर दिलं नाही, विचारलं. फोटो किती वाजता काढलास? दुपारी दोनला. उद्या पहाटे साडेपाचला काढ. आणि बूड उकरून, नाक लावून सांग.

पहाटे फोटो आला. माना खालीच. मागोमाग एकच शब्द: "वास येतोय."

मग दोन दिवस आम्ही फोनवर लढलो म्हणा. रोगट वेली मुळांसकट काढायच्या, पण ओढत न्यायच्या नाहीत, जागेवरच पोत्यात भरायच्या आणि बांधाबाहेर नेऊन, पाऊस थांबला की जाळायच्या. त्यांच्याबरोबर बाजूच्या दिसायला निरोगी अशा दोन-दोन वेलीही काढायच्या. हे त्याला जड गेलं. "काका, या तर हिरव्यागार आहेत," तीनदा म्हणाला. मी म्हटलं, काढ. सरी तोडून मधे आडवा चर खणला. चराच्या वरच्या ओळींच्या बुडाशी एक टक्क्याचं बोर्डो ओतलं, पावसाची उघडीप बघून. कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ चौथ्या दिवशी पोचले, त्यांनी रोगाचं नाव पक्कं केलं आणि पुढचं वेळापत्रक दिलं.

तीन ओळी गेल्या. चराच्या वर आणखी एका ठिकाणी सहा-सात वेली बसल्या, त्याही काढल्या. बाकी मळा उभा राहिला. त्या दिवाळीला पुतण्याने टोपलीभर पान रेल्वेने इथे पाठवलं. मी त्यातलं थोडं पानदरिब्यात नेलं. आमच्या स्नेह्यांनी कपुरी पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, चावलं आणि म्हणाले, "तीखा है, हमारे काम का नहीं. पर तंदुरुस्त है." बनारसचा माणूस मगहीपुढे दुसऱ्या पानाला याहून जास्त काही म्हणत नाही.

आता बोलणं पुरे. या टेबलावर मी सामान मांडलंय, ते करून दाखवतो, कारण बोर्डो मिश्रण बहुतेक लोक चुकीचं करतात. तीन प्लास्टिकच्या बादल्या आहेत. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको, मोरचूद ते खातं. या बादलीत शंभर ग्रॅम मोरचूद पाच लिटर पाण्यात, मी रात्रीच कापडाच्या पुरचुंडीत बांधून लटकत ठेवलं होतं, म्हणून पूर्ण विरघळलंय. या दुसरीत शंभर ग्रॅम कळीचा चुना. ताजा, खडा असलेला. पिशवीत राहून भुकटी झालेला चुना मेलेला असतो, तो घेऊ नका. थोड्या पाण्यात फोडला, गार होऊ दिला, गाळला आणि पाच लिटर केला. आता दोन्ही एकाच वेळी, सारख्या धारेने, तिसऱ्या बादलीत. कुणीतरी या जरा, दुसरी बादली धरायला. हळू. ढवळत राहा. रंग बघा, आकाशासारखा आला पाहिजे, हिरवट नाही.

आणि हा विळा. घासून लखलखीत केलेला आहे. यात बुडवून मिनिटभर धरतो. पात्यावर तांबूस रंग चढला, तर चुना कमी पडलाय, हे मिश्रण पानं जाळील. आणखी चुन्याची निवळी घालायची आणि पुन्हा बघायचं. हे आजच्या आजच वापरायचं, उद्याला शिळं.

कॅमेरा थोडा खाली घ्या. पातं दिसतंय का?